हॉर्सपॉवर किती हवी? मोठं मशीन घेण्याआधीचा पाठ



सुगी आटोपली की ग्रामसंघाच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो. आपल्या गटानं ट्रॅक्टर घ्यायचा का? अवजार बँक सुरू करायची का? विषय चांगला आहे. वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या ट्रॅक्टरची वाट पाहत वाफसा निघून गेलेल्या बायकांनी स्वतःच्या मशीनचा विचार करावा, यात वावगं काहीच नाही. पण चर्चा सुरू झाली की दहा मिनिटांत गाडी एकाच आकड्यावर येते. "घ्यायचाच तर पंचावन्न एचपीचा घेऊ. लहान कशाला?" हे वाक्य बहुतेक वेळा गटातली ताई म्हणत नाही. तिच्या घरातलं कोणीतरी तिला ते सांगून पाठवलेलं असतं.

म्हणून या अंकात एचपीचाच अभ्यास करू. मोठी ताकद विकत घेतली की तिच्यासोबत आणखी काय काय घरात येतं, ते बघू.

आधी एचपी म्हणजे काय ते. हॉर्सपॉवर, म्हणजे घोड्याची ताकद. अठराव्या शतकात जेम्स वॅट यांना आपलं वाफेचं इंजिन किती घोड्यांचं काम करतं हे गिऱ्हाइकाला पटवायचं होतं, त्यातून हे माप आलं. साधारण ७५ किलोचं पोतं एका सेकंदात एक मीटर वर उचलायला जेवढी ताकद लागते, तेवढी एक एचपी. विजेच्या भाषेत ७४६ वॅट. आपल्या बैलजोडीची ताकद दिवसभराच्या कामात साधारण एक एचपी धरतात. म्हणजे पंचावन्न एचपीचा ट्रॅक्टर म्हणजे दावणीला पंचावन्न बैलजोड्या. आता विचार करा, गावात तेवढ्या जोड्या एकाच दावणीला बांधल्या तर त्यांना रोज पुरेल एवढं काम आहे का? आणि वैरण कोण घालणार?

बैल काम नसताना निदान शेण तरी देतो. उभा ट्रॅक्टर फक्त हप्ता मागतो.

आता हिशोबाला बसू. खालचे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. तुमच्या तालुक्यातले भाव, भाडं आणि व्याजदर घालून तुम्ही तो पुन्हा मांडायचा आहे.

समजा पंचावन्न एचपीचा ट्रॅक्टर आणि त्याला साजेसा रोटाव्हेटर मिळून १० लाख रुपये पडले. गटानं २ लाख स्वतःचे घातले, ८ लाख कर्ज काढलं. व्याज १२ टक्के, मुदत पाच वर्षं. महिन्याचा हप्ता सुमारे १७,८०० रुपये येतो. वर्षाला २,१३,६०० रुपये. पाच वर्षांत ८ लाखांचे १० लाख ६८ हजार भरायचे. (काही बँका ट्रॅक्टरला सहामाही हप्ता देतात, पीक आल्यावर भरता येतो. तो मिळतो का ते आधी विचारा.) वर्षाचा विमा १५ हजार आणि ऑइल, फिल्टर, टायर, रोटाव्हेटरची पाती अशी देखभाल ४० हजार धरू. सगळे मिळून वर्षाला २,६८,६०० रुपये. मशीन शेडमधून बाहेर निघो न निघो, यातला बहुतेक खर्च होणारच.

दुसरीकडे समजा पंचवीस एचपीच्या आसपासचा लहान ट्रॅक्टर रोटाव्हेटरसह ६ लाखांना आला. स्वतःचे १ लाख २० हजार, कर्ज ४ लाख ८० हजार. हप्ता सुमारे १०,७०० रुपये, वर्षाला १,२८,४००. विमा १० हजार, देखभाल २५ हजार. एकूण १,६३,४०० रुपये.

आता कमाई. मोठ्याचं भाडं तासाला १,००० रुपये धरा. डिझेल तासाला सहा लिटर, ९० रुपये भावानं ५४० रुपये. चालकाला तासाला १०० रुपये. हातात राहिले ३६०. लहान ट्रॅक्टरचं भाडं ७०० रुपये, डिझेल तीन लिटर म्हणजे २७० रुपये, चालकाचे १००. हातात राहिले ३३०.

इथे जरा थांबा. मोठ्याचं भाडं तीनशे रुपयांनी जास्त, पण गटाच्या पेटीत तासाला फक्त तीस रुपये जास्त पडतात. बाकीचे डिझेल पिऊन टाकतं. आणि वर्षाचा बांधलेला खर्च मात्र लाखभरानं जास्त. भागाकार केला तर लहान ट्रॅक्टरला नफातोटा बरोबरीत आणायला वर्षाला ४९५ तास चालावं लागतं, मोठ्याला ७४६ तास.

यावर दुकानदार म्हणेल, "ताई, मोठा एका तासात किती जास्त काम करतो ते तर बघा." खरं आहे त्याचं. म्हणून तेही बघू. समजा एक एकर रोटाव्हेटर मारायला लहान ट्रॅक्टरला दोन तास लागतात आणि मोठ्याला सव्वा तास. मग लहान ट्रॅक्टरचे ४९५ तास म्हणजे सुमारे २५० एकर. मोठ्याचे ७४६ तास म्हणजे जवळजवळ ६०० एकर.

तुमच्या गावात, भाड्यानं काम करून घेणारी, ज्यांच्याकडे स्वतःचा ट्रॅक्टर नाही अशांची, एवढी जमीन आहे का? २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रात एका खातेदाराकडे सरासरी १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास जमीन आहे. ६०० एकर म्हणजे सुमारे १८० खातेदार. एकेकाचं रान इथं, दुसऱ्याचं ओढ्यापलीकडे. मधे पाणंद रस्ता, बांध, वळायला जागा नाही. या रानातून त्या रानात जाताना जळालेल्या डिझेलचं भाडं कोणी देत नाही.

समजा गावात २९० एकरांचं काम मिळालं. लहान ट्रॅक्टर ५८० तास चालेल आणि गटाला २८ हजार रुपये उरतील. मोठा तेच काम ३६२ तासांत उरकेल आणि वर्षाअखेर सुमारे १ लाख ३८ हजारांचा खड्डा पडेल. मोठं मशीन काम लवकर संपवतं, म्हणजेच गावातलं काम लवकर संपतं. हप्ते मात्र तेवढेच राहतात.

दिवसही मोजा. पेरणीआधीचे ५० आणि रब्बीआधीचे ३५ असे मशागतीचे ८५ दिवस धरले, रोज सात तास काम धरलं, तर ५९५ तास होतात. मोठ्याला ७४६ हवेत. म्हणजे एकही दिवस पावसात, बिघाडात, चालकाच्या सोयऱ्याच्या लग्नात वाया न घालवता रोज पावणेनऊ तास. मग रात्रीची पाळी सुरू होते, आणि अपघात बहुधा तिथेच दबा धरून असतो. त्याच्याकडे पुढे येऊ.

पंजाबचे मोठे हार्वेस्टर सोयाबीन काढायला आपल्याकडे का येतात, याचा कधी विचार केलाय? घरापासून हजाराहून जास्त किलोमीटरवर, ड्रायव्हर-मदतनिसांसह, रस्त्याच्या कडेला स्वयंपाक करत. कारण शंभरावर एचपीचं ते मशीन एका तालुक्याच्या पिकावर पोसलं जात नाही. त्याला वर्षभर पिकामागे, राज्यामागून राज्य फिरावंच लागतं. ऊस तोडणी यंत्राचं तर विचारूच नका, त्याची किंमत कोटीच्या घरात. आपल्या गटातल्या सखी मुलांच्या शाळा, जनावरं, भांडी सोडून मशीनमागे फिरणार आहेत का?

म्हणजे मोठा ट्रॅक्टर कधीच घेऊ नये का? तसं नाही. उसाचा पट्टा असेल, भारी काळ्या जमिनीत पल्टी नांगरानं खोल नांगरट करायची असेल, आजूबाजूच्या चार गावांचं काम ग्रामसंघांमार्फत आधीच ठरलेलं असेल, तर लहान ट्रॅक्टर तिथे धापा टाकतो. तिथे पन्नासच्या पुढची ताकद लागतेच. मुद्दा एवढाच, की आधी काम मोजायचं आणि मग एचपी ठरवायची. उलटं करायचं नाही. दुकानात गेल्यावर आणखी एक विचारा: "ही इंजिनची एचपी सांगताय की पीटीओची?" अवजार फिरवायला मागच्या दांड्यावर जी ताकद मिळते ती पीटीओची, आणि ती इंजिनपेक्षा कमी असते. रोटाव्हेटर, मळणी यंत्र या आकड्यावर चालतं. जाहिरातीत मात्र मोठा आकडा ठळक असतो.

जमिनीचंही ऐका. मोठा ट्रॅक्टर वजनाला दोन-अडीच टन. काळ्या रानात वाफसा नसताना घातला की माती दाबली जाते, खाली कठीण थर धरतो, पाणी मुरत नाही आणि मुळं आडवी जातात. तासाचा दर वसूल करायच्या घाईत ओल्या रानात मशीन घालण्याचा मोह मोठा हप्ता असणाऱ्यालाच जास्त होतो.

उधारीचं एक दुखणं वेगळंच. गावात रोटाव्हेटरचे पैसे सहसा सोयाबीन विकल्यावर मिळतात. कोणी दिराचा मित्र असतो, कोणी सरपंचाचा भाऊ. डिझेलच्या पंपावर मात्र रोख द्यावे लागतात. वहीत येणं ९० हजार आणि पेटीत ४ हजार, अशी अवस्था झाली की हप्ता चुकतो. एक हप्ता चुकला की गटाचं बँकेतलं नाव खाली जातं. पंचसूत्री पाळून वर्षानुवर्षं कमावलेली पत ती. मग जिला म्हशीसाठी, लेकीच्या नर्सिंगच्या फीसाठी कर्ज हवं असतं, तिच्या अर्जावरही बोट ठेवलं जातं. ट्रॅक्टरवर ती बसलेलीसुद्धा नसते. म्हणून भाड्याचा नियम पहिल्या दिवशी ठरवा. डिझेलपुरते पैसे आधी, बाकीची मुदत लेखी. नवरा असो की दीर, सवलत कोणालाच नाही. यावरून घरात चार दिवस फुगवाफुगवी होईल. होऊ द्या.

आणि चावी. मशीन गटाच्या नावावर, कर्ज गटाच्या नावावर आणि चावी मात्र कोणाच्या तरी नवऱ्याच्या खिशात, असं चित्र गावोगाव दिसतं. ट्रॅक्टरला तास मोजणारा मीटर असतो. सकाळी चावी देताना मीटरचा आकडा, संध्याकाळी परत घेताना आकडा, डिझेल किती भरलं, कोणाच्या रानात गेला, एवढं लॉगबुकात लिहायचं. मीटरनं सात तास दाखवले आणि वहीत पाच तासांचे पैसे आले, तर दोन तास कुठे गेले हे त्याच दिवशी विचारता येतं. महिन्यानं विचारलं तर भांडण होतं.

आता जिवाच्या गोष्टी. पैशाचा खड्डा भरून निघतो, हा नाही निघत.

ट्रॅक्टरच्या मागचा पीटीओचा दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. साडीचा पदर किंवा ओढणी त्यात अडकली तर एका सेकंदात दीड-दोन मीटर कापड गुंडाळलं जातं. "थांबव" हा शब्द तोंडातून निघायच्या आत. लहान ट्रॅक्टरवर हा दांडा असतोच, पण मोठ्या इंजिनला अंगावरच्या कपड्याचा अडथळा जाणवतसुद्धा नाही. ते बंद पडत नाही, गुरगुरत नाही, ओढतच राहतं. दांड्यावर प्लास्टिकचं कव्हर येतं. ग्रीस द्यायला अडचण होते म्हणून ते पहिल्याच हंगामात काढून टाकलं जातं. कव्हर नसलेलं मशीन रानात पाठवायचं नाही, असा ठराव बैठकीत घ्या आणि प्रोसिडिंगमध्ये लिहा. मळणी यंत्रावर हात तुटण्याचे प्रकार देशभर इतके झाले की १९८३ साली त्यासाठी धोकादायक यंत्रांचा वेगळा कायदा करावा लागला. मळणीला उभं राहताना पदर खोचलेला, वेणी बांधून आत घेतलेली, हातात सैल बांगड्या नाहीत. शक्य असेल तर साडीवर अंगाला घट्ट बसणारा शर्ट घाला. कोणी हसलं तर हसू द्या.

दुसरा धोका ट्रॅक्टर मागे उलटण्याचा. ओढायचं वजन नेहमी खालच्या ड्रॉबारलाच बांधायचं. चिखलात रुतलेली ट्रॉली ओढायला कोणी वरच्या टॉपलिंकला साखळी बांधली, खालचा गिअर टाकला आणि क्लच झटक्यात सोडला, की मागची चाकं जागीच धरतात आणि पुढचं तोंड वर उठतं. इंजिनची ताकद जितकी जास्त तितकं ते सहज उठतं. चालकाला उडी मारायला वेळ मिळत नाही. आणखी एक बारीक गोष्ट बहुतेकींना माहीत नसते. ट्रॅक्टरला ब्रेकचे दोन पायडल असतात, शेतात वळताना एका बाजूचा ब्रेक दाबता यावा म्हणून. रस्त्यावर जाताना ते दोन्ही खिट्टीनं एकत्र जोडायचे असतात. नाही जोडले आणि घाईत एकच दाबला गेला, तर ट्रॅक्टर गर्रकन एका बाजूला फिरतो. आणि उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारा चालक असेल, तर त्याला दुसऱ्या दिवशी बोलावू नका. मागची भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलत नेते.

ट्रॉलीत माणसं बसवायची नाहीत, हे आपण सगळ्या ऐकतो आणि निंदणी-खुरपणीला जाताना सगळ्या बसतो. एप्रिल २०२५ मध्ये नांदेड जिल्ह्यातल्या आलेगाव शिवारात शेतमजूर बायकांना घेऊन जाणारा ट्रॅक्टर विहिरीत कोसळला. सात जणींचा जीव गेला. त्याही अशाच, सकाळची भाकरी बांधून कामावर निघालेल्या होत्या. ट्रॅक्टर गटाच्या नावावर असेल तर अशा वेळी जबाबदारी गटाच्या दारात येते. शेतीकामासाठी घेतलेल्या विम्यात ट्रॉलीत बसलेल्या माणसांची भरपाई सहसा धरलेली नसते. तुमच्या पॉलिसीत नेमकं काय लिहिलंय, भाड्यानं चालवलेला ट्रॅक्टर त्यात बसतो का, हे विमा एजंटकडून कागदावर लिहून घ्या. तोंडी "काळजी करू नका ताई" चालणार नाही. चालकाचा परवाना चालू आहे का, आरसी कोणाच्या नावावर आहे, हेही त्याच वेळी बघा.

ज्या गटांना ट्रॅक्टर नको, गिरणी किंवा डाळ मिल काढायची आहे, त्यांना हाच पाठ थोडक्यात. दहा एचपीची मोटर पूर्ण भारावर तासाला साडेसात युनिटपेक्षा जास्त वीज खाते. रोज दोन पायल्या दळण येणाऱ्या वस्तीवर ती बसवली तर निम्मा वेळ रिकामीच फिरते, आणि रिकामी फिरतानाही वीज घेते. सुरू होताना अशी मोटर चालू प्रवाहाच्या पाच ते सात पट प्रवाह ओढते. शेजारचे दिवे मंद होतात ते त्यामुळे. मोठ्या मोटरला साधा स्टार्टर न लावता स्टार-डेल्टा स्टार्टर लावतात, त्यानं हा झटका बराच कमी होतो. थ्री फेजमधला एक फेज गेला आणि बचावाचं साधन नसलं, तर मोटर जळते. रिवाइंडिंगला जे जाईल ते त्या महिन्याची कमाई घेऊनच जाईल. मंजूर भार किती, थ्री फेज तुमच्या डीपीवर आहे का, किती तास असते, हे महावितरणच्या कार्यालयात विचारून मगच मोटर ठरवा. कडबा कुट्टीची मोटर तर दोन-तीन एचपीचीच असते. पण हात ओढून घ्यायला तेवढी पुरते.

पुढच्या बैठकीत हा पाठ वाचून झाल्यावर एक काम करा. गावाचा साधा नकाशा फरशीवर खडूनं काढा. कोणाकडे स्वतःचा ट्रॅक्टर आहे, त्यांची रानं वगळा. उरलेल्यांपैकी कोण गेल्या वर्षी भाड्यानं काम करून घेत होतं, किती एकर, कोणत्या आठवड्यात, किती भाडं दिलं आणि पैसे कधी दिले, हे प्रत्येक सखीनं आपापल्या गल्लीचं सांगायचं. गटाच्या लेखापालनं ते वहीत उतरवायचं. एकरांची बेरीज झाली की वरच्या हिशोबात तुमचे आकडे घाला. हे काम दुकानदाराचं कोटेशन मागवायच्या आधी करा, कारण कोटेशन हातात आलं की बैठकीत रंगाची आणि लाइटच्या स्टिकरची चर्चा सुरू होते. तालुका कृषी अधिकारी कार्यालयातून अवजार बँकेच्या चालू योजनेची माहितीही घ्या. अनुदान अनेकदा खरेदीनंतर जमा होतं, तेव्हा सुरुवातीला पूर्ण रक्कम कुठून उभी करायची आणि तोवरचं व्याज कोण भरणार, हेही वहीच्या त्याच पानावर लिहा. बेरीज जुळली नाही तर एक हंगाम शेजारच्या गटाचा ट्रॅक्टर ठरलेल्या दरानं भाड्यानं घेऊन चालवून बघा. त्या हंगामाचं लॉगबुक बँकेत दाखवायलाही उपयोगी पडतं.